पेपर पाठवायच्या आधी नावाचं बघा

शोधनिबंध लिहून झाला की लगेच जर्नल धुंडाळू नका, आधी स्वतःचं नाव ठरवा. आपल्याकडे खरी भानगड तिथेच आहे. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर क्रम वेगळा, लग्नानंतर तिसराच. वाघ इंग्रजीत डब्ल्यूने की व्हीने, यावर एका घरात दोन मतं असतात. आणि नुसतं 'एस. आर. पाटील' छापून आणलंत, तर मुंबई विद्यापीठाच्या कलिना कॅम्पसमध्येच आणखी दोन-तीन निघतील. एक स्पेलिंग धरा आणि ते सोडू नका.

मग ऑर्किड (ORCID) काढा, म्हणजे संशोधकाचा स्वतःचा ओळख क्रमांक. २०१२ पासून मिळणारा हा १६ अंकी क्रमांक फुकट आहे; नाव बदललं, नोकरी बदलली तरी तोच राहतो. शेवटी एक्स आला तर चूक समजू नका, तो तपासणीचा अंक असतो. काढण्यापूर्वी जुना आहे का ते मात्र पाहा. मी कॉलेजच्या ईमेलवर एक काढला, विसरले, घरच्या ईमेलवर दुसरा काढला. असं झालं असेल तर सेटिंगमध्ये दोन्ही एकत्र करता येतात. खाजगी ईमेलही जोडून ठेवा, कारण कॉलेज सुटलं की तिथला पत्ता बंद होतो.

ऑर्किडमध्ये संस्थेचं नाव हाताने टाइप करू नका, यादीतून निवडा. आपलं विद्यापीठ १९९६ पर्यंत 'बॉम्बे' होतं, आयआयटी अजून 'बॉम्बे'च आहे, व्हीजेटीआय या इंजिनिअरिंग कॉलेजच्या नावातलं 'व्हिक्टोरिया' जाऊन 'वीरमाता' आलं. जुन्या पेपरांवर जुनी नावं राहणारच.

जुने पेपर ऑर्किडला डीओआयने, म्हणजे प्रत्येक पेपरच्या कायमच्या क्रमांकाने, जोडा. नुसत्या नावाने शोधलं तर दुसऱ्याचेही समोर येतात, मोह आवरा. स्कोपस हा शोधनिबंधांचा डेटाबेस लेखकांचं प्रोफाइल स्वतःहून बनवतो, तिथे तुमचे दोन तुकडे झालेत का तपासा आणि जोडायची विनंती पाठवा. 'विद्वान' हे भारतीय संशोधकांचं पोर्टल आणि गूगल स्कॉलर, ही प्रोफाइलं सवडीने.

सबमिशनच्या वेळी क्रमांक नुसता लिहू नका, ऑर्किडमध्ये लॉगिन करून जोडा. पुढे क्रॉसरेफ, म्हणजे डीओआय नोंदवणारी संस्था, परवानगी मागेल, ती द्या. मग छापून आलेला पेपर आपोआप नोंदीत येतो. सहलेखकांचं लॉगिन तुम्हाला करता येत नाही, ज्याचं त्यानेच करायचं. म्हणून गाईडना आठवडाभर आधी सांगा. सरांना पासवर्ड आठवायला तेवढे दिवस लागतातच.