दाताच्या खुर्चीची भीती: इंजेक्शन, गोळी, गॅस की गुंगी, कधी काय घ्यायचं आणि तयारी कशी करायची

"डॉक्टर, पूर्ण भूल देऊनच दाढ काढा." हे वाक्य कोल्हापुरातल्या बहुतेक दातांच्या दवाखान्यांत आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतं. पण म्हणणाऱ्याला नेमकं काय हवंय, ते त्यावरून कळत नाही. आपल्याकडे भूल हा एकच शब्द पाच गोष्टींना चालतो: हिरडीत देतात ते बधिर करणारं इंजेक्शन, भीती उतरवणारी गोळी, नाकावाटे दिला जाणारा गॅस, शिरेतून दिलेली गुंगी आणि ऑपरेशन थिएटरमधली संपूर्ण भूल. पाचांची तयारी वेगळी, धोका वेगळा, खर्चही वेगळा. कुठली भूल ते न ठरवता गेलं की घोटाळा होतो. ज्याने खाऊन यायचं तो उपाशी येतो आणि ज्याने उपाशी यायचं तो मिसळ खाऊन येतो.

आधी एक फरक लक्षात घ्या. दुखणं थांबवतं ते हिरडीतलं इंजेक्शन. गोळी, गॅस आणि गुंगी मुख्यतः भीती उतरवतात, दुखणं पुरतं थांबवत नाहीत. म्हणून गुंगी घेतली तरी दात बधिर करावाच लागतो. फरक इतकाच की तेव्हा सुई टोचल्याचं मनाला लागत नाही.

भीती किती आहे, ते मोजा

यासाठी पाच प्रश्नांची एक मोजपट्टी जगभर वापरतात. उद्या दाताच्या डॉक्टरकडे जायचंय, बाहेर बाकावर बसून नंबराची वाट बघताय, दात मशीनने कोरणार आहेत, दात साफ करणार आहेत, वरच्या मागच्या दाढेजवळ हिरडीत इंजेक्शन देणार आहेत: या पाच प्रसंगांत किती भीती वाटते, त्याला 1 ते 5 गुण द्या. अजिबात नाही तर 1, प्रचंड वाटली तर 5. बेरीज 5 ते 25 मध्ये येते. 19 किंवा जास्त आली तर भीती तीव्र आहे आणि गुंगीचा विषय डॉक्टरांशी मोकळेपणाने काढायलाच हवा. बेरीज त्याहून कमी असेल आणि सगळे गुण एकट्या इंजेक्शनच्या प्रश्नावर गेले असतील, तर बहुतेकदा इंजेक्शन नीट देणं एवढाच उपाय पुरतो. हा आकडा कागदावर लिहून डॉक्टरांच्या हातात द्या. "मला जरा भीती वाटते" यापेक्षा तो जास्त सांगतो.

साधं इंजेक्शन, पण नीट दिलेलं

भित्र्या पेशंटपैकी बऱ्याच जणांचं काम इथेच भागतं, म्हणून इथे थोडं थांबू. आधी हिरडी कोरडी पुसून त्यावर बधिर करणारी जेल लावतात किंवा स्प्रे मारतात. तो दोन-तीन मिनिटं तसाच ठेवायला हवा. घाईत लगेच सुई लावली तर जेल लावून काही उपयोग नाही. मग औषध सावकाश, मिनिटाला साधारण एक मिलिलीटर या वेगाने सोडतात. वेग वाढला की पेशी ताणल्या जातात आणि खरी कळ तिथेच येते, सुईच्या टोकाने फारशी येत नाही. फ्रिजमधून काढलेलं गार औषध जास्त चुरचुरतं. "डॉक्टर, सावकाश द्या" असं सांगायला संकोच करू नका.

वरच्या दातांना तीन ते पाच मिनिटांत बधिरपणा येतो. खालच्या दाढांसाठी जबड्याच्या मागच्या बाजूला इंजेक्शन देतात, तिथे पाच ते दहा मिनिटं लागतात. अर्धा ओठ जड झाल्याशिवाय मशीन लावू देऊ नका.

इंजेक्शननंतर छाती धडधडली, हात थरथरले की लोक घाबरतात आणि पुढे आयुष्यभर "मला इंजेक्शनची ॲलर्जी आहे" असं सांगत राहतात. बहुतेकदा ती ॲलर्जी नसते. औषधात रक्तवाहिन्या आकुंचन पावण्यासाठी ॲड्रिनॅलिन मिसळलेलं असतं, त्याची ती धडधड. काही मिनिटांत ती ओसरते. अंगावर गांध्या उठणं, ओठ-डोळे सुजणं, दम लागणं ही लक्षणं वेगळी, ती लगेच सांगायची. हृदयाचा त्रास किंवा वाढलेलं बीपी असेल तर इंजेक्शनच्या आधीच सांगा, म्हणजे ॲड्रिनॅलिनचं प्रमाण बघून देता येतं.

"मला इंजेक्शन चढतच नाही" या तक्रारीमागे बरेचदा पू असतो. सुजलेल्या, पू झालेल्या जागेत आम्लता वाढते आणि औषधाचा जोर कमी पडतो. अशा वेळी आधी पू काढून सूज उतरवणं किंवा इंजेक्शन दुसऱ्या जागी देणं हा मार्ग. दाढ ठणकायला लागल्यावर महिनाभर वेदनाशामक गोळ्यांवर काढणारा माणूस स्वतःचंच काम अवघड करून ठेवतो.

हाताची खूण आधीच ठरवा. डॉक्टर बहुतेकदा पेशंटच्या उजव्या बाजूला बसतात, म्हणून खुणेसाठी डावा हात वर. हात वर झाला की काम थांबणार, हे सुरुवातीलाच ठरवून घ्या आणि एकदा उगीचच हात वर करून बघा. खरोखर थांबतात हे दिसलं की खुर्चीचे हात घट्ट धरलेली बोटं सैल पडतात.

गोळी

आदल्या रात्री झोप लागत नसेल तर डायझेपामसारखी गोळी रात्री आणि पुन्हा कामाच्या तासभर आधी देतात. मोठ्या माणसाला साधारण 5 ते 10 मिलिग्रॅम, वयस्करांना त्याच्या निम्मं. डोस डॉक्टरांनीच ठरवायचा. डायझेपाम, अल्प्राझोलाम आणि मिडाझोलाम ही औषधं शेड्यूल एच-वन मध्ये येतात. चिठ्ठीशिवाय ती मिळत नाहीत आणि मेडिकलवाल्याला त्यांची नोंद ठेवावी लागते. शेजारच्या काकूंकडे शिल्लक राहिलेली गोळी तर मुळीच घेऊ नका.

गोळीची अडचण अशी की एकदा पोटात गेली की कमी-जास्त करता येत नाही. एकाला अर्ध्या तासात झापड येते, तर दुसऱ्याला तिसऱ्या तासाला, घरी पोचल्यावर. दारूबरोबर आणि कोडीन किंवा ट्रामाडॉल असलेल्या खोकल्याच्या, वेदनाशामक औषधांबरोबर ती श्वास मंदावते. झोपेत मोठ्याने घोरणाऱ्या आणि मधेच श्वास अडकणाऱ्या माणसाने हे सांगितल्याशिवाय गुंगीचं काहीही घेऊ नये.

लहान मुलांना मिडाझोलाम तोंडावाटे देतात, किलोमागे साधारण अर्धा मिलिग्रॅमपर्यंत. ते दवाखान्यातच, नजरेखाली द्यायचं असतं, घरून पाजून आणायचं नसतं. काही मुलं त्याने शांत व्हायच्या ऐवजी उलट चिडतात, रडतात. असं पूर्वी कधी झालं असेल तर सांगा.

गॅस

नायट्रस ऑक्साइड म्हणजे लाफिंग गॅस. दातांशी त्याचं नातं जुनं आहे. 1844 च्या डिसेंबरात अमेरिकेत हार्टफर्डला होरेस वेल्स या दंतवैद्याने हा गॅस घेऊन स्वतःचाच दात काढून घेतला होता. आज तो ऑक्सिजनमध्ये मिसळून नाकावरच्या छोट्या मास्कमधून देतात. आधी दोन-तीन मिनिटं नुसता ऑक्सिजन, मग गॅस दहा-दहा टक्क्यांनी वाढवत नेतात. बहुतेकांना 30 ते 50 टक्के पुरतो. दातांसाठी बनवलेल्या मशीनमध्ये ऑक्सिजन 30 टक्क्यांच्या खाली जाऊ शकत नाही.

बोटांना मुंग्या येणं, अंग ऊबदार वाटणं, आवाज लांबून आल्यासारखे वाटणं हे बरोबर जमल्याचं लक्षण. चक्कर आली, मळमळलं, खाली पडतोय असं वाटलं तर प्रमाण जास्त झालंय. हात वर करा, ते लगेच कमी करता येतं. गोळीपेक्षा गॅस सरस आहे तो याचसाठी. श्वास नाकानेच घ्यायचा आणि बोलायचं नाही, तोंडाने श्वास घेतला की गॅस पातळ होतो. शेवटी पाच मिनिटं पुन्हा ऑक्सिजन घेतला की डोकं मोकळं होतं.

नाक चोंदलेलं असेल तर गॅस उपयोगाचा नाही, सर्दी बरी होऊ द्या. गरोदरपणाचे पहिले तीन महिने, डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन होऊन डोळ्यात गॅस भरलेला असताना आणि उपचार न घेतलेल्या बी-12 च्या कमतरतेत तो देत नाहीत. आपल्याकडे शाकाहारी घरांत बी-12 कमी असणं नवीन नाही, त्यामुळे रिपोर्ट असेल तर सोबत न्या.

शिरेतून गुंगी आणि संपूर्ण भूल

अक्कलदाढ हाडात रुतलेली असेल, एकाच बैठकीत बरेच दात काढायचे असतील किंवा मोजपट्टीवर तुमचा आकडा 19 किंवा जास्त असेल तर शिरेतून गुंगी सोयीची पडते. हाताच्या शिरेत सुई लावून मिडाझोलाम एक-एक मिलिग्रॅमने, दर वेळी मिनिट-दोन मिनिटं थांबून देतात. माणूस जागा असतो, "तोंड उघडा" म्हटलं की उघडतो, पण नंतर त्याला फारसं काही आठवत नाही. म्हणूनच घरी काय करायचं ते सोबत आलेल्या माणसाला लेखी द्यायला सांगा. पेशंटने मान हलवली म्हणून त्याला कळलं असं समजू नका.

दाढ काढणारा आणि गुंगी देणारा माणूस एकच नको. भूलतज्ज्ञ वेगळा हवा आणि त्याची नजर तुमच्यावर हवी. बोटाला ऑक्सिमीटर, दंडाला बीपीचा पट्टा, हाताशी ऑक्सिजन आणि औषधाचा असर उलटवणारं फ्लुमाझेनिल हवं. बोटाची नेलपॉलिश आदल्या दिवशी काढून ठेवा, लग्नसराईत बोटांच्या टोकांना गडद मेंदी लावू नका. त्याने ऑक्सिमीटरचा आकडा चुकू शकतो.

संपूर्ण भूल रुग्णालयातच द्यायची. बहुतेकदा ती खूप दात किडलेल्या आणि समजावून ऐकायच्या वयात नसलेल्या लहान मुलांना किंवा विशेष गरजा असलेल्यांना लागते. आधी रक्ततपासणी आणि भूलतज्ज्ञाची भेट होते. मुलाला ताप-सर्दी-खोकला असेल तर दोन ते चार आठवडे पुढे ढकलतात. त्यावर हट्ट धरू नका, सर्दीत श्वासनलिका चिडखोर होते.

गुटखा, मावा खाणाऱ्यांसाठी एक गोष्ट कळकळीची. आरशासमोर उभं राहून स्वतःची तीन बोटं एकावर एक, उभी, पुढच्या दातांच्या मधे घालून बघा. आत जात नसतील तर तोंड कमी उघडतंय. गुटख्याने गालाची आतली कातडी आवळते. अशा माणसाला गुंगीत श्वासाची अडचण आली तर नळी घालणं फार कठीण जातं. हे भूलतज्ज्ञाला थिएटरमध्ये समजता कामा नये, आधीच कळलं पाहिजे.

पोटाचा हिशेब

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. नुसतं इंजेक्शन असेल तर जेवून या. उपाशीपोटी भीतीने चक्कर येते, आणि शुगरचा पेशंट गोळी घेऊन उपाशी आला तर साखर उतरते. गॅससाठी दोन तास आधी हलकं खाल्लं तर चालतं.

शिरेतून गुंगी आणि संपूर्ण भूल यांचा नियम कडक आहे. तळकट आणि मटणाचं जेवण आठ तास आधी, हलकं खाणं सहा तास, आईचं दूध चार तास, साधं पाणी दोन तास. गुंगीत उलटी झाली आणि ती श्वासनलिकेत गेली तर जिवावर बेतू शकतं. दुधाचा चहा हलक्या खाण्यात मोडतो, पाण्यात नाही. गंगावेशीच्या कट्ट्यावर पहाटे घेतलेला दुधाचा पेलाही तसाच. "फक्त दूधच तर प्यायलो" म्हणून कितीतरी ऑपरेशनं दुपारवर जातात. आदल्या रात्री तांबडा-पांढरा असेल तर दहाच्या आत उरका. सकाळपासून तंबाखू-मिश्रीही नको.

बीपीची गोळी बहुतेकदा घोटभर पाण्याबरोबर घ्यायची असते. शुगरची औषधं, इन्सुलिन आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांचं मात्र आपल्या फिजिशियनला विचारूनच ठरवा, मनाने बंद करू नका. शुगर असेल तर सकाळचा पहिला नंबर मागा.

फोनवर विचारायचं ते

"भूल देता का?" याऐवजी हे विचारा: कुठली भूल, कोण देणार, कामाच्या वेळी माझ्याकडे कोण बघणार, ऑक्सिजन आहे का, लाइट गेली तर काय, भूलतज्ज्ञाची फी वेगळी का. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही. शहरात सोय जमली नाही तर नवे पारगावच्या दंत महाविद्यालयासारख्या शिकवणाऱ्या संस्थेत मुखशल्य आणि बालदंत विभागांत चौकशी करा.

मुलाला घरी "गप्प बस, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील" असं कधीही म्हणू नका. खुर्चीतली अर्धी भीती या वाक्याने घरीच तयार होते.

घरी परतताना

गोळी किंवा शिरेतली गुंगी घेतल्यावर टू-व्हीलर चालवायची नाही, आणि मागेही बसायचं नाही. डुलकी लागून पडण्याची भीती असते. रिक्षा किंवा गाडी करा, सोबत जाणता माणूस ठेवा. आजरा-चंदगडकडून येणाऱ्यांनी सकाळची वेळ घ्यावी, म्हणजे अंधारात घाटरस्ता नको. पुढचे चोवीस तास गाडी नाही, गॅसची शेगडी नाही, सही-व्यवहार नाही, उद्यमनगर किंवा शिरोलीच्या कारखान्यात लेथला हात नाही. नुसता लाफिंग गॅस घेतला असेल तर असर लवकर उतरतो, तरी डॉक्टर हो म्हणाल्याशिवाय निघू नका.

इंजेक्शनचा बधिरपणा दोन ते चार तास राहतो. तोवर गरम चहा नको. लहान मूल बधिर ओठ गंमत म्हणून चावत बसतं आणि संध्याकाळी तो ओठ टम्म सुजतो, म्हणून त्याच्याजवळ कुणीतरी बसावं. गुंगी घेतलेल्या माणसाला पहिले काही तास कुशीवर झोपवा आणि अधूनमधून हाक मारा. हाकेला नीट ओ देत नसेल, श्वास घोरल्यासारखा अडखळत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर डॉक्टरांच्या फोनची वाट न बघता 108 लावा.