कोल्हापुरात राहून मानवी अंतराळ मोहिमांच्या कामाची तयारी कशी करावी

जून 2025 मध्ये शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकावर गेले आणि तेव्हापासून उद्यमनगरात भेटेल तो पालक विचारतो, "पोराला अंतराळवीर करायचंय, कुठं घालू?" अंतराळवीर बाजूला ठेवा. यान सोडायला, सांभाळायला, उतरवायला जमिनीवर जी माणसं लागतात, त्यांच्यात शिरायचा रस्ता सांगतो. त्या कामाला ऑपरेशन्स म्हणतात.

आधी काम समजून घ्या. शुक्लांची मोहीम अ‍ॅक्सिअम या खाजगी कंपनीची, रॉकेट स्पेसएक्सचं. 11 जूनचं उड्डाण द्रवरूप ऑक्सिजनची गळती सापडल्यामुळं थांबलं. नंतर स्थानकाच्या रशियन भागातल्या गळतीची तपासणी झाली. यान उडालं 25 जूनला. पडद्यावरचे आकडे बघून वेळेत "थांबा" म्हणणं आणि का थांबलो ते लिहून ठेवणं, हे तिथलं रोजचं काम.

म्हणून पहिली तयारी नोंदवहीची. मी एका फाउंड्रीत ट्रेनी होतो. रात्रपाळीला फर्नेस थंड ठेवणाऱ्या पाण्याचं तापमान चढत होतं, अलार्म गप्प. आधीच्या पाळीनं "सारखा वाजतोय" म्हणून तो बंद केलेला, वहीत अक्षर नाही. पाइप हाताला चटका देऊ लागला तेव्हा कळलं. कंट्रोल रूममध्येही पाळी बदलताना सगळा भार त्या नोंदीवर असतो. कॉलेजच्या प्रयोगशाळेत, वडिलांच्या लेथवर, कुठंही सुरुवात करा: वेळ, काय दिसलं, काय केलं, काय राहिलं.

शिक्षणाचं थोडक्यात: इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल, कॉम्प्युटर, काहीही चालतं. इस्रोच्या इंजिनिअर भरतीला बी.ई.ला 65 टक्के लागतात. डिप्लोमा आणि आयटीआयवाल्यांसाठीही तिथं टेक्निकल असिस्टंट, टेक्निशियनच्या जागा निघतात, हे आपल्याकडं कुणी सांगत नाही. डॉक्टर असाल तर बंगळूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनची चौकशी करा.

मग हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संदेशवहनाचा, परवाना काढा. स्थानकावरचे अंतराळवीर शाळेतल्या मुलांशी बोलतात तेव्हा 145.800 मेगाहर्ट्झवर त्यांचा आवाज ऐकू येतो. हातात यागी अँटेना (एका दिशेला रोखायची, आडव्या काड्यांची अँटेना) घेऊन पन्हाळ्यावर उभे राहा. स्थानक जवळ येताना आवाज 145.803च्या आसपास सापडतो, लांब जाताना 145.797कडं सरकतो. वेगामुळं वारंवारता अशी सरकते, तोच डॉपलर परिणाम. पुस्तकात तो वाचलेला असतो, इथं तो बोटानं डायल फिरवत धरावा लागतो. दहा मिनिटांत स्थानक क्षितिजाखाली. तेवढ्यात सगळं जमवणं, हीच तालीम.

नोकरीबाबत स्पष्ट सांगतो. अमेरिकी कायदा रॉकेटचं तंत्रज्ञान शस्त्रांसारखं जपतो, त्यामुळं तिथल्या कंपन्या सहसा नागरिक किंवा ग्रीन कार्डवाल्यांनाच घेतात. "थेट स्पेसएक्स" म्हणून क्लासचे पैसे भरू नका. बंगळूरला इस्रोचं ह्यूमन स्पेस फ्लाइट सेंटर आहे, उपग्रहांचा माग ठेवणारं इस्ट्रॅक आहे. हैदराबादची स्कायरूट, चेन्नईची अग्निकुल या खाजगी कंपन्या अजून माणसं नेत नाहीत, पण उलटी मोजणी, चाचण्या, परवानग्या तिथं हातानं शिकता येतात.

अर्जासोबत त्या नोंदवहीची दोन पानं जोडा. खाडाखोड असलेलीच जोडा.