शहराच्या वाढीचा अंदाज : एक आकडा नको, पट्टा काढा

विकास योजना असो वा पाणीपुरवठा योजना, सगळा डोलारा एकाच प्रश्नावर उभा असतो : वीस वर्षांनी गावात माणसं किती असतील? अहवालात याचं उत्तर एका आकड्यात दिलं जातं आणि चूक तिथेच होते. त्याऐवजी पट्टा काढा, म्हणजे कमीत कमी किती (खालची कड) आणि जास्तीत जास्त किती (वरची कड) ते सांगा.

सुरुवात मागच्या तीन-चार जनगणनांपासून करा. आकडे वापरण्याआधी या काळात गावाची हद्दवाढ झाली आहे का ते बघा. झाली असेल तर जुन्या जनगणनेच्या आकड्यांत नंतर हद्दीत आलेली गावंही मिळवून घ्या, नाहीतर कागदावरची वाढ खरी वाटायला लागते.

मग शेवटची जनगणना झाकून ठेवा आणि आधीच्या दोन आकड्यांवरून तिचा अंदाज काढा. पिंपरी-चिंचवडचं उदाहरण घ्या. १९९१ मध्ये सुमारे ५.२ लाख, २००१ मध्ये १०.१ लाख. दर दशकाला तेवढीच भर पडेल असं धरलं तर २०११ साठी १५ लाख येतात, तोच वाढीचा दर धरला तर १९.६ लाख. प्रत्यक्षात निघाले १७.३ लाख. दोन्ही अंदाज साधारण १३ टक्क्यांनी चुकले, एक खाली, एक वर. दुसरा फुगण्यामागे १९९७ ची हद्दवाढही आहे. बृहन्मुंबईत मात्र १९९१ ते २००१ मध्ये २० लाखांहून जास्त भर पडली आणि पुढच्या दशकात जेमतेम ५ लाखांची. तिथे कमी अंदाज देणारी रीतसुद्धा १६ लाखांनी जास्त सांगते. तुमच्या गावात जेवढी चूक निघेल, तेवढा दहा वर्षांचा पट्टा धरा. वीस वर्षांसाठी तो निदान दुप्पट करा.

२०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे २०११ चा पाया आता फार जुना आहे. आजची लोकसंख्या ताडून बघायला घरगुती वीजजोडण्या सगळ्यात उपयोगी. महिनोन् महिने जवळजवळ काहीच वापर नसलेले मीटर वगळा (ती बहुधा बंद घरं असतात) आणि उरलेल्यांना एका कुटुंबातल्या माणसांच्या सरासरी संख्येने गुणा. मतदार यादीवर एकटीवर विसंबू नका, कामासाठी आलेल्या माणसाचं नाव पुष्कळदा मूळ गावीच असतं.

आता रोजगार. गाव कशावर जगतं ते लिहून काढा : एमआयडीसी, यंत्रमाग, साखर कारखाना, बाजार समिती. एकाच धंद्यावर निम्मं गाव असेल तर खालची कड आणखी खाली न्या. मंजूर झालेला, पण जमीन ताब्यात न आलेला प्रकल्प फक्त वरच्या कडेत धरा. नवी मुंबई विमानतळाला केंद्राची तत्त्वतः मंजुरी २००७ ची आहे, उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं.

समजा आज १ लाख वस्तीच्या गावासाठी वीस वर्षांनंतरचा १.२ ते १.६ लाखांचा पट्टा निघाला. माणशी रोज १३५ लिटर आणि १५ टक्के गळती धरली तर सुमारे १९ ते २५.४ दशलक्ष लिटर लागतात. जॅकवेल (पाणी उपसण्यासाठी बांधलेली विहीर) आणि पंपघराचं बांधकाम वरच्या आकड्याचं करा, कारण ते पुन्हा फोडून वाढवता येत नाही. पंप खालच्या आकड्याचे बसवा आणि शेजारी पुढच्या पंपासाठी पाया रिकामा ठेवा. जलवाहिनीचा व्यास मात्र डोळे झाकून वाढवू नका. आजच्या मागणीला पाण्याचा वेग सेकंदाला ०.६ मीटरखाली गेला तर नळीत गाळ बसतो.

दुसरा टप्पा, म्हणजे पुढचे पंप बसवण्याचं काम, कधी सुरू करायचा, तेही अहवालातच लिहा. १.६ लाखांकडे जाणारं गाव वर्षाला साधारण २.४ टक्क्यांनी वाढतं, १.२ लाखांचं ०.९ टक्क्यांनी. म्हणून वापरातल्या वीजजोडण्या सलग तीन वर्षं २ टक्क्यांहून जास्त वाढल्या की निविदेची तयारी सुरू, असा स्पष्ट ठराव करून घ्या.

आरक्षणांना, म्हणजे विकास योजनेत सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलेल्या जमिनींना, हाच नियम जसाच्या तसा लावू नका. वरच्या आकड्यावर शाळा-बागांची आरक्षणं टाकली आणि दहा वर्षांत जमीन घेता आली नाही, तर मालक एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याच्या कलम १२७ खाली नोटीस देतो आणि मुदतीत संपादनाचं पाऊल पडलं नाही तर आरक्षण सुटतं. खालच्या आकड्याला लागतील तेवढीच आरक्षणं आधी टाका, तीही पालिकेच्या अंदाजपत्रकात बसतील अशी. वाढीव गरजेसाठी सरकारी आणि पालिकेच्या मालकीच्या जमिनी विकायला न काढता राखून ठेवा.