मॅटलॅबचं अ‍ॅनिमेशन पायथनमध्ये आणायचंय? आधी आकडे जुळवा, चित्राचं नंतर बघू

कॉलेजात असेपर्यंत मॅटलॅब फुकट वापरायला मिळतं म्हणून अख्खा प्रोजेक्ट त्यात होतो, मग पास झालं की लायसन्स जातं आणि कोड नुसता पडून राहतो. असा कोड पायथनमध्ये आणायला नमपाय (मॅट्रिक्सच्या हिशोबाला) आणि मॅटप्लॉटलिब (चित्रांना) या दोन लायब्ररींवर बहुतेक काम भागतं. सिंटॅक्स बदलणं हे काही मोठं काम नाही, एरर आली की कळतं आणि दुरुस्त करता येतं. डोक्याला ताप होतो तो एरर न देता वेगळंच चित्र दाखवणाऱ्या ओळींचा, म्हणून इथे मुख्यतः त्यांच्याबद्दलच सांगतो.

उदाहरणाला ग्रे-स्कॉट मॉडेल घेऊ. यू आणि व्ही अशी दोन रसायनं, दोघांची एकेक मॅट्रिक्स, दर स्टेपला ती पसरतात आणि एकमेकांशी रिअ‍ॅक्ट होतात, आणि पडद्यावर ठिपके, पट्टे, फुटत जाणाऱ्या पेशींसारखं काहीतरी दिसायला लागतं. जॉन पिअरसन यांचा १९९३ मधला सायन्समधला पेपर यावरच आहे.

पहिलं काम म्हणजे मॅटलॅबच्या लूपमधून ड्रॉइंगच्या सगळ्या ओळी बाजूला काढा, फक्त हिशोब ठेवा, आणि तेवढाच भाग आधी पायथनमध्ये लिहा. सुरुवातीला मधोमध जो चौकोन भरतो तिथे मॅटलॅबमध्ये १०० ते १२० लिहिलं असेल तर पायथनमध्ये ९९ ते १२० होतं, म्हणजे सुरुवातीतून एक वजा आणि शेवट तसाच, कारण मॅटलॅब एकपासून मोजतं आणि पायथन शून्यापासून, शिवाय पायथन शेवटचा आकडा धरत नाही. दोन्हीकडे २१ घरंच भरतात.

आता लॅप्लासियन, म्हणजे प्रत्येक घर शेजारच्या घरांपेक्षा किती वेगळं आहे ते सांगणारा, रसायन पसरवणारा हिशोब. इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. मॅटलॅबवाले सहसा सर्कशिफ्टने मॅट्रिक्स चार दिशांना सरकवून बेरीज करतात, नमपायमध्ये त्याला रोल आहे. पण रोलला अ‍ॅक्सिस दिला नाही तर तो मॅट्रिक्स आधी एका लांब ओळीत उलगडतो, सरकवतो, आणि परत गुंडाळून देतो. १ ते ९ आकड्यांची ३ बाय ३ मॅट्रिक्स घेऊन बघा. अ‍ॅक्सिस शून्य देऊन एक घर सरकवलं की पहिली ओळ ७ ८ ९ येते, जी बरोबर आहे, आणि अ‍ॅक्सिस विसरलात तर ९ १ २ येते. साइज तीच, एरर नाही, आणि अ‍ॅनिमेशनमध्ये पॅटर्न एकाच बाजूला ताणल्यासारखा वाढतो. मूळ कोडमध्ये डेल२ (लॅप्लासियनचं मॅटलॅबमधलं तयार फंक्शन) वापरलं असेल तर आणखी एक गोम आहे, दोन डायमेन्शनमध्ये ते लॅप्लासियनचा चौथा हिस्साच देतं, आणि कडेला गुंडाळत नाही, आतल्या आकड्यांवरून अंदाज बांधतं.

दुसरा सापळा कॉपीचा. मॅटलॅबमध्ये जुना यू जपून ठेवायला यूओल्ड बरोबर यू लिहिलं की दोन्ही वेगळे राहतात. पायथनमध्ये ती एकाच अ‍ॅरेची दोन नावं. तुम्ही दरवेळी यू बरोबर यू अधिक काहीतरी असं लिहीत असाल तर नवीन अ‍ॅरे बनतो आणि सगळं बरं चालतं, पण मग कोणीतरी स्पीडसाठी तिथे अधिक-बरोबर टाकतं आणि यूओल्डसुद्धा गुपचूप बदलतो. सरळ कॉपी लावा. आणि यू गुणिले व्हीचा वर्ग ही टर्म दोघांना अपडेट करायच्या आधी एकदाच काढून ठेवा, नाहीतर व्हीला नवा यू मिळतो. डॉट-स्टारच्या जागी नुसता स्टार येतो, आणि मूळ कोडमध्ये खरंच नुसता स्टार (म्हणजे मॅट्रिक्सचा गुणाकार) असेल तर तिथे अ‍ॅट चिन्ह. चौकोनी मॅट्रिक्सला दोन्ही चालतं, म्हणून इथेही एरर येत नाही.

आता जुळवाजुळव. मॅटलॅबमधून सुरुवातीचे यू, व्ही आणि एका स्टेपनंतरचे यू, व्ही मॅट फाइलमध्ये सेव्ह करा, सायपायच्या लोडमॅटने वाचा (व्ही ७.३ फॉरमॅट असेल तर एचफाइव्हपाय लागेल आणि मॅट्रिक्स ट्रान्सपोज होऊन येईल), आणि नमपायच्या ऑलक्लोजने (दोन अ‍ॅरे जवळपास सारखे आहेत का ते सांगतं) तपासा. नाही जुळलं तर वजाबाकी करून तिचंच चित्र काढा, हे मला फार उपयोगी वाटतं: फरक फक्त कडेला दिसला तर बाउंडरी, चौकोनाच्या एकाच बाजूला रेघ दिसली तर इंडेक्स, आणि जिथे जिथे बदल होतोय तिथे सगळीकडे दिसला तर एखादा फॅक्टर चुकलाय.

हे जुळल्यावरच ड्रॉइंगला हात लावा. मॅटलॅबमध्ये लूपच्या आत इमेजएससी (मॅट्रिक्स रंगांत दाखवणारं) आणि ड्रॉनाऊ (पडदा ताजा करणारं) असतं, त्याच्या जागी लूपमध्येच मॅटप्लॉटलिबचं इमशो लावू नका, एकावर एक इमेज चढत जातात आणि सगळं रखडतं. इमशो एकदाच लूपच्या बाहेर, आत फक्त सेट-डेटा. इमेजएससी दर फ्रेमला रंगांची स्केल नव्याने बसवतं, इमशो पहिल्या फ्रेमवरच अडकून राहतं, म्हणून व्ही-मिन आणि व्ही-मॅक्स स्वतः द्या. अगदी मूळसारखंच हवं असेल तर सेट-डेटानंतर ऑटोस्केल आहे, पण मला फिक्स स्केलच पटते, नाहीतर रंग नेमका कशामुळे बदलला ते बघणाऱ्याला कळत नाही. बाकी अ‍ॅक्सिस एक्सवाय असेल तर ओरिजिन लोअर करा, आणि मॅटलॅबची पॅरुला ही रंगमाला इथे नाही, विरिडिस चालवून घ्या.

फंकअ‍ॅनिमेशन (मॅटप्लॉटलिबचं अ‍ॅनिमेशन चालवणारं) वापरलंत तर ते व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा, नाहीतर पायथन ते साफ करून टाकतं आणि चित्र जागचं हलत नाही. शिवाय इनिट फंक्शन दिलं नाही तर ते अपडेट फंक्शन सुरुवातीलाच जादा बोलवतं, म्हणजे स्टेप त्यातच असेल तर सिम्युलेशन आधीच पुढे गेलेलं असतं. फक्त व्हिडिओच हवा असेल तर मी म्हणेन साधा लूप ठेवा आणि एफएफएमपेग रायटरचं ग्रॅब-फ्रेम वापरा, ते मॅटलॅबच्या व्हिडिओरायटरच्या सगळ्यात जवळ जातं. तिथे एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) मात्र स्वतः लिहा, मॅटलॅबचा डिफॉल्ट ३० आहे आणि इथला ५, त्यामुळे ३०० फ्रेमचा १० सेकंदांचा व्हिडिओ इथे पूर्ण मिनिटभर चालतो.