पावसाळ्याआधी सक्युलंट्सच्या कुंड्या एकदा रिकाम्या करून बघा

झड लागली की कुंडीतली माती वाळायची वाट बघण्यापलीकडे फारसं काही हातात राहत नाही. म्हणून सक्युलंट्सचं, म्हणजे जाड पाना-खोडांत पाणी साठवणाऱ्या झाडांचं, खरं काम पाऊस यायच्या आधीच्या कोरड्या दिवसांतच उरकून घ्यावं.

नर्सरीतून आणलेलं रोप बहुधा कोकोपीटमध्येच (नारळाच्या काथ्याच्या भुशात) असतं. तिथे डोक्यावर प्लास्टिक आणि मोजून पाणी, त्यामुळे निभावतं. पावसाळी हवेत मात्र मुळांभोवतीचा तो गोळा दिवसेंदिवस ओला राहतो. उलट पूर्ण सुकला, तर पाणी आत न मुरता कडेनं वाहून जातं. रोप बाहेर काढून गोळा बोटांनी हलकेच मोकळा करा. नव्या मिश्रणात निम्मा किंवा त्याहून जास्त भाग खडबडीत हवा: ३ ते ६ मिलिमीटरची खडी, परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे) किंवा विटांचा चाळलेला चुरा. बारीक वाळू नको, ती पोकळ्या बुजवते. उरलेला भाग माती आणि कुजलेलं खत. लावल्यावर लगेच पाणी घालू नका. तुटलेल्या मुळांना सुकायला चार-सहा दिवस द्या.

तळाशी खड्यांचा थर द्यायची सवय आता सोडलेली बरी. मातीच्या बारीक पोकळ्यांतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही, थराच्या वरच अडतं. म्हणजे ओला भाग मुळांच्या आणखी जवळ! भोकावर जाळीचा तुकडा पुरे. कुंडीही मुळांच्या पसाऱ्यापेक्षा बोटभरच मोठी घ्या.

पाण्याचे वार ठरवू नका. कुंडी उचलून वजनाचा अंदाज घ्या, शंका आली तर लाकडी काडी तळापर्यंत खुपसून बघा. फसगत होते ती सुरकुतलेल्या पानांनी. माती कोरडी आणि पान सुरकुतलेलं असेल, तर झाडाला तहान आहे. माती ओली असूनही पान सुरकुततंय, तर मुळं कुजली आहेत, आणि अशा वेळी घातलेलं पाणी झाड संपवतं. खालची पानं काचेसारखी पारदर्शक होऊन हात लागताच गळत असतील, तर थांबू नका. स्वच्छ धारदार सुरीनं शेंडा कापा. कापलेल्या देठात तपकिरी ठिपका दिसला तर आणखी वर कापा, निर्मळ गर लागेपर्यंत. मग शेंडा सावलीत ठेवून जखम सुकू द्या आणि कोरड्या मिश्रणात लावा.

पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो मिलीबग, रस शोषणारा किडा. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसानं पुसून काढा. तो मुळांवरही बसतो, म्हणून कुंडीचं भोकही तपासा.

ढगाळ हवेत एचेव्हेरिया (फुलासारखी पानं रचलेलं सक्युलंट) उंच ताणते, पानांत अंतर पडतं. ताणलेली दांडी पुन्हा आखूड होत नाही, शेंडाच कापून लावावा लागतो. हॉवर्थिया, सान्सेव्हेरिया ही सक्युलंट्स कमी उजेडात तग धरतात. उघडीप झाली म्हणून कुंड्या एकदम कडक उन्हात काढू नका, पानं भाजतात. आधी आठवडाभर फक्त सकाळचं ऊन द्या.