विद्यार्थ्यांची आहारसाक्षरता कशी मोजाल?

मेसच्या डब्यावर दिवस काढणाऱ्या मुलाला 'प्रथिने कशात असतात?' विचारा. डाळीत, अंड्यात, असं बिनचूक उत्तर येतं. शाळेत पाठच केलेलं असतं ते. पण महिनाअखेरीला खिशात शंभर रुपये उरले की तो काय आणतो, काय शिजवतो? मोजायचं ते इथे.

आधी चौकट ठरवा. ऑस्ट्रेलियातल्या विजेन आणि गॅलेगोस या संशोधकांनी २०१४ मध्ये आहारसाक्षरतेचे चार भाग मांडले: नियोजन, निवड, स्वयंपाक आणि खाणं. प्रत्येक भागाला पाच-सहा प्रश्न पुरतात.

मग प्रश्न लिहा. 'मी लेबल वाचतो: नेहमी, कधी कधी, कधीच नाही' अशा प्रश्नांत मुलं स्वतःला सढळ हाताने गुण देतात. म्हणून निम्मे प्रश्न करून दाखवायचे ठेवा. उदाहरणार्थ, फरसाणाच्या पाकिटावर १०० ग्रॅममागे ८०० मिलिग्रॅम सोडियम लिहिलंय आणि पाकीट १५० ग्रॅमचं आहे. सगळं फस्त केलं तर मीठ किती गेलं? सोडियम १,२०० मिलिग्रॅम, त्याची अडीचपट म्हणजे ३ ग्रॅम मीठ. दिवसाची मर्यादा ५ ग्रॅम. हे गणित जमणं आणि 'मीठ कमी खावं' हे ठाऊक असणं यात बरंच अंतर आहे. स्वयंपाकासाठी दोघांच्या खिचडीचं प्रमाण विचारा. शिट्ट्या मात्र विचारू नका, त्यावर घराघरांत एकमत नाही!

इंग्रजी प्रश्नावली घेतली असेल तर मराठी करून दुसऱ्याकडून परत इंग्रजी करून घ्या, म्हणजे मूळ अर्थ टिकला का ते कळेल. 'प्रक्रिया केलेले अन्न' म्हटल्यावर कुणाला पोहे आठवतात, कुणाला लोणचं. तिथे बिस्किटं, इन्स्टंट नूडल्स अशी नावंच लिहा. आठ-दहा जणांना प्रश्न मोठ्याने वाचायला लावा. अडखळतील तो प्रश्न बदला.

नमुना फक्त गृहविज्ञानाच्या वर्गातून घेऊ नका. वसतिगृह, घर, भाड्याची खोली, सगळीकडची मुलं-मुली हवीत. 'काल काय खाल्लं?' हा प्रश्न श्रावणात किंवा नवरात्रात टाळा, साबुदाण्याने आकडे फुगतील.

विश्वासार्हतेसाठी क्रॉनबॅक अल्फा, म्हणजे एका भागातले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, भागानुसार वेगळा काढा; साधारण ०.७ च्या वर चालतो. काहींकडून दोन आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरून घ्या.

आणि एक प्रश्न विसरू नका: 'राहता तिथे शेगडी वापरता येते का?' 'नाही' म्हणणाऱ्यांचे स्वयंपाकाचे गुण वेगळ्या रकान्यात मांडा.