हेल्पलाइनचा नंबर आधी लावून पाहा, मग भिंतीवर लिहा

घरात कोणी दोन दिवसांपासून जेवत नाही, ‘माझ्यानं आता होत नाही’ एवढंच म्हणतो. नाहीतर दारूपायी भांडण हातघाईवर आलं आहे. अशा वेळी गूगलवर ‘व्यसनमुक्ती हेल्पलाइन’ टाकलं, की पुष्कळदा वर जाहिरातीच येतात. दहा आकडी मोबाईल नंबर, आणि पलीकडे गोड बोलणारा माणूस: ‘गाडी पाठवतो, रातोरात उचलून नेतो, अॅडव्हान्स फोन-पे करा.’ हा फोन तिथंच ठेवा. सरकारी हेल्पलाइन पैसे मागत नाही, ओटीपी मागत नाही आणि कोणाला घरून उचलूनही नेत नाही.

मनाच्या त्रासाचा नंबर 14416. याला टेली-मानस म्हणतात. 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झालेली ही केंद्र सरकारची सेवा चोवीस तास चालते, फुकट आहे आणि मराठीत बोलते. हा लागला नाही तर 1800-891-4416. दारू, गांजा, गोळ्या अशा व्यसनासाठी 14446. 14416 आणि 14446 दिसायला सारखेच, पण चुकून एकाऐवजी दुसरा लागला तर फोन कापू नका. व्यसनाचं टेली-मानसवरही बोलता येतं. खरी गफलत होते ती नावात. 1933 या नंबरलाही ‘मानस’च म्हणतात, पण तो अमली पदार्थ विरोधी खात्याचा आहे. गावात गांजा कोण विकतो हे कळवायचं असेल तर तो कामाचा.

खर्रा सोडायचा तर 1800-11-2356. पन्नीत घोटलेल्या खर्ऱ्यावर काहीच छापलेलं नसतं. पण ठेलेवाला ज्या पुडीतून तंबाखू काढतो त्या पुडीवर हा नंबर असतो, मागून पाहा.

आता बोलत बसायचं नाही अशी वेळ. फवारणीचं औषध पोटात गेलं, झटका (फिट) आला, माणूस शुद्धीवर नाही, तर थेट 108. कोणी शस्त्र घेऊन उभा असेल तर 112. औषध पोटात गेलं असेल तर ओकारी काढू नका, मिठाचं पाणी नको, दूधही नको. शुद्ध हरपलेल्याला कुशीवर वळवा. औषधाचा डबा किंवा निदान त्याचं लेबल दवाखान्यात सोबत न्या, कारण कोणतं औषध आहे त्यावर उपचार ठरतो. दिल्लीच्या एम्सचं विषमाहिती केंद्र 1800-116-117 वर आहे. हा नंबर डॉक्टरला दाखवा. केस होईल या भीतीनं घरचे ‘नुसत्या उलट्या होऊन राहिल्या’ असं सांगतात आणि तिथंच उपचार चुकतो. दवाखान्यात पोलिसांकडे नोंद जाते हे खरं. पण 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 115 सांगतं, की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असं धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही.

14446 वर फोन करण्याआधी कागदावर एवढं लिहून घ्या: वय, किती वर्षांपासून पितो, रोज किती पव्वे, शेवटचा घोट कधी घेतला, आधी कधी झटका आला का, कोणत्या गोळ्या चालू आहेत. नाव सांगितलंच पाहिजे असं नाही. वर्धा-गडचिरोलीत दारूबंदी आहे म्हणून लोक बिचकतात, पण पिणाऱ्यावर केस करायला हे नंबर नाहीत. पलीकडून सल्ला मिळाला की तीन गोष्टी विचारल्याशिवाय फोन ठेवू नका: जवळचं सरकारी किंवा अनुदानित केंद्र कोणतं, मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी असते, सोबत कोणते कागद लागतात. ओपीडीचा वार चुकला की तालुक्याहून केलेली एसटीची खेप वाया जाते.

‘शेवटचा घोट कधी’ हे विचारण्यामागं कारण आहे. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं शपथ खाऊन एकदम सोडली, की सहा-आठ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नसलेली माणसं दिसतात, किडे अंगावर चढल्यासारखे वाटतात. हे लागीर नव्हे, दारू तुटल्याचा आजार आहे, आणि त्यात जीवही जातो. गावात नुसती ग्लुकोजची सलाईन लावून भागत नाही. अशा रुग्णाला त्याआधी थायमिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व, लागतं. चहात चोरून टाकायची ‘दारू सोडवायची गोळी’ तर घरात आणूच नका. ती पोटात असताना तो प्याला तर त्याच्या जिवावर बेतू शकतं.

बाई एकटी असेल आणि पिणारा घरातच असेल, तर फोन वावरातून किंवा आशाताईकडून करावा, नंतर कॉलची नोंद पुसून टाकावी. मारहाण असेल तर 181, हात उगारलेला असेल तर 112. लेकराचा प्रश्न असेल तर 1098.

टेली-मानसवरचा माणूस धीर देतो, पुढची वाट दाखवतो. गोळ्या चालू राहायला प्रत्यक्ष दवाखाना लागतोच. जिल्हा सामान्य रुग्णालयात मानसोपचार विभाग पाहा. आजार वाढलेला असेल तर नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. खाजगी व्यसनमुक्ती केंद्र निवडलं तर आधी राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी दाखवायला सांगा. टाळाटाळ झाली तर परत या.

हे सगळं आज करा, घरात सगळं ठीक असताना. टोल-फ्री नंबरला बॅलन्स लागत नाही, पण रिचार्जची मुदत संपून आउटगोइंग बंद झालं असेल तर तो लागेलच असं नाही. 112 मात्र तेव्हाही लागतो. म्हणून 14416 एकदा लावून पाहा, भाषा निवडायचा आवाज येईपर्यंत थांबा. घरात रेंज कुठं धरते तेही पाहून ठेवा: ओसरीत, की माडीच्या पायरीवर? नंबरांचा कागद जाड स्केचपेननं लिहून तिथंच, लहानग्यालाही वाचता येईल इतक्या खाली चिकटवा. फवारणीच्या औषधाच्या पेटीला कुलूप घाला, आणि त्याची किल्ली अशा माणसाकडे द्या जो सध्या मनानं ठणठणीत आहे.